टाळी

खोलीच्या मध्यावर उभा राहून मी टाळी वाजवतो.
एकच.
भिंती तिच्या आठ-दहा करतात,
पत्र्यावर हरभरे सांडल्यासारख्या.
स्वयंपाकघरातून कुमुदिनी विचारते,
"कोणाचा सत्कार चाललाय?"

सुदामा नगरातली खोली, दहा बाय तेरा.
खाली कोटा फरशी, वर स्लॅब,
भिंतींना गेल्या दिवाळीचा ऑइलपेंट, पुसला की चमकणारा.
वीज मंडळाच्या ग्रॅच्युइटीतून घेतलेले दोन स्पीकर
आणि तबल्याचा बायाँ जो कोपऱ्यात जाऊन बसतो,
उठायचं नावच घेत नाही.

रविवारी बेसिनवरचा आरसा काढला.
मी खुर्चीत बसायचं,
तिने आरसा भिंतीला टेकवून हळूहळू सरकवायचा,
त्यात स्पीकर दिसला की पेन्सिलीने फुली.
आवाज उजेडासारखाच, मी समजावलं,
सरळ येतो, आणि भिंतीवर आपटूनही येतो.
आपटलेला जरा उशिरा पोचतो
आणि पहिल्याच्या बोलण्यात तोंड घालतो.
"तुमच्या अण्णांसारखा," ती म्हणाली.

आरसा सरकत राहिला.
कॅलेंडर आलं, पंख्याचं पातं आलं,
मधेच कान पुढे काढून बसलेला एक म्हातारा आला.
तिथे फुली नको म्हटलं.

छावणीत इकराम मन्सुरीचं दुकान.
"भिया, ओढनी है के बिछानी?"
टांगायची आहे.
तो हसला नाही. नवी रुई कशाला, म्हणाला,
घरातली जुनी आणा, पिंजून देतो.
सवयीने मी तिथेही टाळी वाजवली.
काही म्हणजे काही परत आलं नाही.
चारी बाजूंना गाठोडी, छतापर्यंत,
आवाज गेला तो गेलाच.
"किसको बुला रिये हो?"

माळ्यावरून चार गाद्या उतरवल्या,
दोन्हीकडचं वऱ्हाड ज्यांवर झोपून गेलं होतं.
खोक्यांच्या पट्ट्यांच्या चौकटी ठोकल्या,
चार बोटं जाड.
वर तिच्या खादीच्या पडद्याचं कापड,
तोंडाला लावून, फुंकर आरपार जाते का पाहून घेतलेलं.
कोपऱ्यात दोन, जमिनीपासून छतापर्यंत, गच्च.
एकूण नऊ.

नऊ जास्त झाल्या.
ती खोलीत आली, काहीतरी म्हणाली, थांबली.
"मी बोलतेय ना?
कोणीतरी तोंडावर उशी ठेवल्यासारखं वाटतंय."
तीन काढल्या. मागची भिंत उघडी सोडली,
तिथे पुस्तकं, वेडीवाकडी, कमीजास्त खोल.
बायाँ कोपऱ्यातून उठला.

मग ती टेप लावली.
सत्त्याऐंशी साल, लोकमान्य नगरातली भाड्याची खोली,
कुमुदिनीचा भीमपलास,
मध्यमावर येऊन तुटलेला.
सदतीस वर्षं मी आल्यागेल्याला ऐकवतोय:
बघा, इथे हिचा मध्यम लागला नाही, म्हणून थांबली.
तीही हसायची. चहा आणायला जायची.

आज आधी ती खोलीच ऐकू आली.
तिच्या पाठीमागे, दोनेक पावलांवर,
सूर कशावर तरी आपटत होता. पत्रा.
गोदरेजचं कपाट, हप्त्यावर घेतलेलं.
म्हणजे इतकी वर्षं
ही खोली त्या खोलीच्या बोलण्यात तोंड घालत होती.

मग मध्यम. लागला होता.
चांगला लागला होता, ठरत होता,
आणि त्याच्या खाली
दाराची कडी. एकदा. हलकीच.

"दूधवाला," ती म्हणाली.
"रोज त्याच वेळी यायचा."

टेप गुंडाळली, पुन्हा तिथे आणली.
कडी होतीच.
मी काही बोललो असतो, पण आता या खोलीत
बोललेलं स्पष्ट ऐकू येतं.
ती गॅस बंद करायला उठली.

उरलेल्या तीन चौकटी माळ्यावर आहेत.
अण्णा आले की त्यांना अंथरायला देऊ म्हणते.